ओट्याचा दगड आणि घरगुती सीलर: पार्श्वभूमी

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने, हिंगुळाचा लाल रंग दिलेल्या भिंती उन्हाने काळवंडू नयेत म्हणून करावयाची एक कृती लिहून ठेवली आहे. मेण वितळवून त्यात थोडे तेल मिसळावे, राठ केसांच्या कुंचल्याने ते भिंतीवर चढवावे, लोखंडी भांड्यातले निखारे जवळ धरून मेणाला घाम फुटेपर्यंत ते तापवावे आणि मग स्वच्छ तागाच्या कापडाने घासावे. संगमरवरी पुतळ्यांनाही असेच करतात, असे तो सांगतो. ओट्याच्या दगडासाठी आज घरोघर सुचवले जाणारे तेल-मेणाचे मिश्रण या कृतीपासून फारसे दूर गेलेले नाही. कारखान्यात तयार झालेले सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावायचे लेप, ही अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी दगडाला लावायचे सगळेच लेप हाताने सिद्ध केलेले असत.

मेण दगडाच्या पृष्ठभागावरच राहते. मधमाश्यांचे मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे गरम भांडे ठेवताच त्यावर वळ उमटतो, आणि म्हणूनच ओट्यावर ते टिकत नाही. मात्र ते पुन्हा काढता येते, आणि हा त्याचा गुण मला टिकाऊपणाहून मोलाचा वाटतो.

जवसाच्या तेलाची गोष्ट वेगळी आहे. हे तेल वाळते म्हणजे त्यातले पाणी उडून जाते असे नव्हे. ते हवेतील ऑक्सिजन घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि त्याची घट्ट, न विरघळणारी साय बनते. रंगकाम आणि लाकूडकाम यांत नेमका हाच गुण हवा असतो. दगडाच्या छिद्रांत मात्र तीच साय कायमची बसते, वर्षागणिक पिवळी पडते, आणि जिथे दगडाने तेल अधिक शोषले असेल तिथे गडद पट्टे राहतात. पूर्वी ते लवकर वाळावे म्हणून त्यात शिशाची संयुगे घालत. ‘उकळलेले’ म्हणून विकल्या जाणाऱ्या आजच्या जवसाच्या तेलातही बहुधा इतर धातूंचे क्षार असतात, त्यामुळे जिथे कणीक मळली जाते तिथे ते नसलेलेच बरे. शिवाय या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून ठेवली, तर वाळताना निर्माण होणाऱ्या उष्णतेनेच ती पेटू शकतात.

एकोणिसाव्या शतकात दगड कशाने राखावा हा प्रश्न इमारतींच्या निमित्ताने ऐरणीवर आला. लंडनच्या नव्या संसद भवनाचा चुनखडीजन्य दगड बांधकाम पूर्ण होण्याच्या सुमारासच झिजू लागला होता, आणि १८६१ मध्ये त्याच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. तेले, मेणे, सोडियम व पोटॅशियम सिलिकेट, म्हणजे काचजल, असे अनेक उपाय त्या काळात सुचवले आणि वापरले गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चच्या आतील दगडावर वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांनी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावली होती. या उपायांतून मिळालेला धडा असा की, वरचे कवच कठीण झाले आणि आतला ओलावा कोंडला गेला, तर काही वर्षांनी ते कवचच पापुद्र्यांसारखे सुटते आणि दगडाचा थरही सोबत नेते. त्याच १८६१ साली रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी दगडासाठी एथिल सिलिकेट हे सिलिकॉनचे संयुग वापरण्याची कल्पना मांडली. ती त्या वेळी व्यवहारात आली नाही, पण पुढच्या शतकातील दगडरक्षण तिच्याच दिशेने गेले.

रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिलिकॉन संयुगांचा अभ्यास केला, आणि १९४० मध्ये यूजीन रोचो यांनी ती स्वस्तात बनवण्याची पद्धत शोधली. या कुळातील सायलेन आणि सिलोक्सेन दगडाची छिद्रे बुजवत नाहीत, तर त्यांच्या भिंतींना चिकटून त्या पाण्याला नकोशा करतात. छिद्र उघडे राहते आणि वाफ बाहेर पडू शकते. तेल रोखण्यासाठी पुढे फ्लोरिनयुक्त संयुगे आली. या संयुगांपैकी काही निसर्गात विघटित होत नाहीत हे उघड झाल्यावर थ्रीएम कंपनीने २००० साली त्यांतील एका गटाचे उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. घरगुती उपायांकडे लोक पुन्हा वळण्यामागे ही काळजी आहे, आणि ती रास्त आहे.

दगडाचा ओटा एवढा सामान्य होण्याचे कारण मात्र रसायनात नाही, तर हत्यारात आहे. डिसेंबर १९५४ मध्ये कृत्रिम हिरा तयार झाला. पुढे हिऱ्याच्या पात्यांनी आणि तारेच्या करवतींनी ग्रॅनाइटसारखा कठीण दगडही दोन-तीन सेंटिमीटर जाडीच्या फरशांत झपाट्याने कापता येऊ लागला, आणि सार्वजनिक इमारतींचा हा दगड तेल, हळद व लिंबू यांच्या सहवासात आला.

इथे दोन निरनिराळ्या हानींची गल्लत होते. डाग म्हणजे दगडात मुरलेला रंग किंवा तेल. ते मुरणे सीलर लांबवू शकतो. संगमरवरावर लिंबू वा व्हिनेगर सांडल्यावर उमटणारा निस्तेज ठसा हा डाग नव्हे, तर आम्लाने खाल्लेले कॅल्शियम कार्बोनेट आहे. तिथे छिद्रांच्या आत असलेला कोणताही सीलर, घरचा असो वा बाजारचा, उपयोगी पडत नाही. पृष्ठभाग पुन्हा घासून चकचकीत करावा लागतो.

घरगुती तेलाला खरे स्थान आहे ते सोपस्टोनवर. मुख्यतः शंखजिऱ्याचा बनलेला हा दगड जवळजवळ काहीच शोषत नाही आणि साध्या आम्लांना दाद देत नाही. त्यावर खनिज तेल, म्हणजे लिक्विड पॅराफिन, लावतात ते संरक्षणासाठी नव्हे, तर रंग सर्वत्र सारखा गडद व्हावा म्हणून. हीच सवय फिकट ग्रॅनाइटवर किंवा संगमरवरावर नेली, तर तेल आपणच त्या दगडावरचा पहिला डाग ठरते. खाद्यतेल तर त्याहून वाईट, कारण ते नीट वाळतही नाही आणि कालांतराने चिकट होऊन त्याला खवट वास येतो.

म्हणून लेप निवडण्याआधी दगडालाच विचारावे. ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. दगड गडद झाला, तर तो पाणी शोषतो आहे आणि त्याला सीलरची गरज आहे. पुष्कळसे दाट, काळे दगड या चाचणीत बदलतच नाहीत, आणि त्यांना काहीही न लावणे हाच योग्य उपचार आहे.