मुहूर्ताचा भाव : एव्हर्टनच्या नव्या हंगामामागची गोष्ट

धरणगावला गणेश चतुर्थीच्या दिवशी नव्या कापसाच्या खरेदीचा मुहूर्त होतो. काट्याची पूजा होते, नारळ फुटतो, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं मिळतं आणि फोटो निघेपर्यंत भाव पुकारला जातो. हा भाव बाजारापेक्षा चढाच असतो. शेतकऱ्याला ते ठाऊक असतं, व्यापाऱ्यालाही ठाऊक असतं. कापसाच्या दलालीत चाळीस वर्षं काढलेले आमचे आप्पा म्हणतात, "मुहूर्तना भाव आयकाना न इसरी जावाना."

यंदा, म्हणजे २०२५ मध्ये, हा मुहूर्त २७ ऑगस्टला, बुधवारी आहे. त्याच्या तीन दिवस आधी, म्हणजे उद्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला, माझा दुसरा मुहूर्त आहे. इंग्लंडच्या लिव्हरपूल शहरातला एव्हर्टन हा माझा फुटबॉल क्लब त्याच्या नव्या कोऱ्या मैदानावर लीगचा पहिला सामना ब्रायटनशी खेळणार आहे. टपरीवरची पोरं आठवडाभर विचारताहेत, "काय भो, यंदा काय म्हणते तुमची टीम?" ही पोरं मँचेस्टर सिटी आणि रिआल माद्रिद या बड्या क्लबांची चाहती. त्यांना एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण एव्हर्टनवाल्याचा अंदाज मागचा हिशेब उलगडल्याशिवाय कळत नाही. मी जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वह्या सांभाळतो, म्हणून हा हिशेबही मांडून ठेवतो.

आधी एक गंमत. खानदेश आणि लिव्हरपूल यांची ओळख फुटबॉलच्या आधीची आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालली होती, तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापड गिरण्या उपाशी पडल्या. त्या गिरण्यांचा कापूस उतरायचा तो लिव्हरपूलच्या गोद्यांमध्ये. मग मुंबईहून जहाजं भरभरून जाऊ लागली आणि त्यात आमच्या तापीकाठचा मालही होता. भाव आभाळाला टेकले. १८६५ मध्ये लढाई संपली आणि ते तितक्याच वेगाने जमिनीवर आले. लँकेशायरवाले आपल्याकडच्या सगळ्या कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत. धागा आखूड, कचरा जास्त, त्यामुळे पुढे कुठल्याही हलक्या मालाला तिकडे 'सुरत' म्हणायची रीत पडली. एव्हर्टनशी याचा थेट संबंध काही नाही, क्लबचा जन्मच १८७८ चा. पण त्याचं नवं मैदान ज्या ब्रॅमली-मूर गोदीत उभं आहे, ती १८४८ साली खुली झालेली त्याच काळातली गोदी. समुद्रातली वाळू टाकून ती बुजवली आणि वर हिरवळ लावली. आप्पांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या नादात थोडा रस घेतला.

क्लब निघाला सेंट डॉमिंगो चर्चच्या पोरांचा म्हणून, आणि १८७९ मध्ये त्याला एव्हर्टन हे नाव मिळालं. १८८८ मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली, तिच्या बारा संस्थापकांत हा क्लब होता. तेव्हा तो खेळायचा ॲनफिल्डवर. होय, आज लिव्हरपूल क्लबचं असलेलं तेच ॲनफिल्ड. १८९१ मध्ये लीगही तिथेच जिंकली. मग भाड्यावरून आणि जागेच्या व्यवहारावरून मैदानाचा मालक जॉन हाउल्डिंगशी भांडण झालं. क्लबने बाडबिस्तरा उचलला आणि बागेपलीकडे गुडिसन पार्क उभारलं. रिकामं मैदान हाती राहिलेल्या हाउल्डिंगने १८९२ मध्ये नवा क्लब काढला, तो लिव्हरपूल. जागेच्या वादातून भाऊबंदकी कशी उभी राहते हे खानदेशात कुणाला समजावून सांगायला नको. फरक इतकाच की इथे धाकटी पाती पुढे फार श्रीमंत झाली.

गुडिसनचं उद्घाटन झालं २४ ऑगस्ट १८९२ रोजी. उद्याची तारीख बघा. बरोबर १३३ वर्षं.

त्या मैदानाने काय पाहिलं नाही! १९२७-२८ च्या एका हंगामात डिक्सी डीनने लीगमध्ये ६० गोल केले. हा विक्रम इंग्लंडच्या अव्वल लीगमध्ये आजवर कुणाला मोडता आलेला नाही. १९८० मध्ये तिथेच लिव्हरपूलविरुद्धचा सामना बघताना डीन गेला. एव्हर्टनच्या नावावर नऊ लीग आणि पाच एफए कप (इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा) आहेत. वरच्या श्रेणीबाहेर क्लबने जेमतेम चार हंगाम काढले आणि १९५४ पासून तो एकदाही खाली घसरलेला नाही. हे वाचून पोरं म्हणतात, मग रडता कशाला?

रडणं सुरू होतं १९८५ पासून. प्रशिक्षक हॉवर्ड केंडलच्या त्या संघाने लीग जिंकली होती आणि १५ मे रोजी रॉटरडॅममध्ये रॅपिड व्हिएन्नाला ३-१ हरवून युरोपियन कप विनर्स कपही नेला होता. दोनच आठवड्यांनी, २९ मे रोजी, ब्रसेल्सच्या हेझेल मैदानात लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांना युरोपची दारं बंद झाली. क्लबच्या इतिहासातला बहुधा सगळ्यात बलवान संघ युरोपियन कप, म्हणजे देशोदेशीच्या लीगविजेत्यांची स्पर्धा, खेळायला पात्र ठरला आणि खेळलाच नाही. १९८७ मध्ये पुन्हा लीग जिंकली, पुन्हा तेच. केंडल स्पेनला निघून गेला. मेलेल्यांपुढे कपाची हळहळ बोलून दाखवायची नसते, म्हणून जुने एव्हर्टनवाले या विषयावर दबक्या आवाजात बोलतात. माझंही मत तेच. पण घसरणीचा उगम तिथे आहे हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

१९९२ मध्ये अव्वल श्रेणीची नवी प्रीमियर लीग निघाली, तिच्यासाठी जोर लावणाऱ्या पाच बड्या क्लबांत एव्हर्टन होता. पंगत यानेच मांडायला मदत केली आणि वाढप सुरू झालं तेव्हा याचंच ताट रिकामं. १९९४ मध्ये शेवटच्या दिवशी विम्बल्डनविरुद्ध ०-२ वरून ३-२ असा जिंकून खालच्या श्रेणीत घसरण्यापासून जेमतेम वाचला. १९९५ मध्ये पॉल राइडआउटच्या एका गोलवर मँचेस्टर युनायटेडला हरवून एफए कप घेतला. तो शेवटचा मोठा कप. त्याला आता तीस वर्षं झाली.

मी या सगळ्यात आलो २००२ मध्ये. आठवीत होतो. कापसाची वेचणी नुकतीच सुरू झालेली, आप्पा रात्री उशिरापर्यंत जिनिंगवर. शेजारच्या काकांकडे केबल होती. १९ ऑक्टोबरच्या आर्सेनलविरुद्धच्या सामन्यातला तो गोल मी त्यांच्याकडे बघितला. सतरा वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी असलेला वेन रूनी नव्वदाव्या मिनिटाला लांबून चेंडू मारतो, तो आडव्या दांड्याला घासून आत, आणि तीस सामने न हरलेला आर्सेनल हरतो. मला वाटलं, हा क्लब असाच असतो. दोन वर्षांनी रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला. तोवर उशीर झाला होता, आपण अडकलो होतो.

त्या वेळचा प्रशिक्षक डेव्हिड मॉइज. २००२ ते २०१३ अशी अकरा वर्षं त्याने तुटपुंज्या पैशात संसार केला. रूनी गेल्यावर २००५ मध्ये संघ चक्क चौथा आला. २००९ च्या एफए कप अंतिम सामन्यात लुई साहाने पंचविसाव्या सेकंदाला गोल केला, मी घरात ओरडलो, आईच्या हातातला दुधाचा पेला सांडला, आणि शेवटी चेल्सी २-१. तेव्हा आम्ही 'नुसतं सातवं-आठवं येऊन काय उपयोग' म्हणून नाकं मुरडायचो. त्या नाक मुरडण्याची शिक्षा पुढे मिळाली.

२०१६ मध्ये फरहाद मोशिरी नावाचा धनाढ्य मालक आला आणि पैशांचा पूर आला. पण माल बघून खरेदी करावी ही साधी गोष्ट तिथे कुणी केली नाही. एक प्रशिक्षक आपल्या पसंतीचे खेळाडू आणायचा, वर्षभरात तो जायचा, दुसऱ्याला ते नको असायचे. कूमन, ॲलरडाइस, सिल्वा, अँचेलोटी, मग चक्क लिव्हरपूलचा जुना बेनिटेझ, मग लँपार्ड, मग डाइश. आमच्या धंद्यात ओला कापूस चढ्या भावात घेऊन गोदाम भरणारा व्यापारी दिसतो ना, तसं. त्यात करोनात मैदानं ओस पडली. २०२१ पर्यंतच्या तीन वर्षांत मिळून ३७ कोटी पौंडांहून जास्त तोटा झाला. युक्रेन युद्ध पेटल्यावर मोशिरीचा जवळचा रशियन अब्जाधीश निर्बंधांत अडकला आणि त्याच्या कंपन्यांचं प्रायोजकत्वही आटलं. आणि हे चालू असतानाच गोदीवर मैदानाचं बांधकाम सुरू झालं होतं.

तेव्हा लीगचा नियम असा होता की तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांच्या पुढे तोटा दाखवायचा नाही. काही खर्च त्यातून वगळून मिळायचे, तरी एव्हर्टन जवळपास दोन कोटींनी पुढे गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा गुण कापले. अपिलात ते सहावर आले. एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबापोटी आणखी दोन गेले. कापसात ओलावा दाखवून कट्टी लावतात तशी आठ गुणांची कट्टी. मैदानावर कमावलेले ४८, हातात पडले ४०.

त्याआधीचे दोन हंगाम आठवले तरी पोटात गोळा येतो. मे २०२२, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध अर्ध्या वेळेला ०-२, आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला कॅल्व्हर्ट-लुइनने झेपावून डोक्याने मारलेला तिसरा गोल. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजलेले. एका वर्षाने शेवटच्या दिवशी बोर्नमथविरुद्ध डुकुरेचा एकमेव गोल आणि सतरावा क्रमांक. वीसपैकी शेवटचे तीन खाली जातात, म्हणजे एका पायरीने वाचलो. त्या रात्री आप्पा पाणी प्यायला उठले होते. मला बघून म्हणाले, "इतली रात जागीसन काय भेटस रे तुले?" मी म्हटलं, सतरावा नंबर. ते काही न बोलता झोपायला गेले.

म्हणून मागची चारेक वर्षं नव्या हंगामाला आमचा प्रश्न एकच असायचा : वाचू का? चाळीस गुण कधी होतील? बाकीचे लोक गुणतक्ता वरून वाचतात, आम्ही खालून वाचायला शिकलो.

आता प्रश्न बदललाय, आणि तो कशाने बदलला हे सांगायचं म्हणून एवढं दळण. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडकिन समूहाने क्लब विकत घेतला. जानेवारीत डाइश गेला आणि साडेअकरा वर्षांनी मॉइज परत आला. त्याच्या हाताखाली संघ सुखरूप तेरावा आला. १८ मे रोजी गुडिसनवर पुरुष संघाचा शेवटचा सामना झाला, साउदम्प्टनविरुद्ध २-०, दोन्ही गोल इलिमान एन्जायचे. मैदान पाडलं नाही, महिला संघाला दिलं. वडिलोपार्जित वाडा लेकीच्या नावावर करावा तसं. सगळ्या भानगडीत मला मनापासून पटलेला निर्णय हाच. नवं मैदान सुमारे ५३ हजार बैठकांचं आहे, गुडिसन चाळीस हजारांच्या आतलं होतं आणि त्यातही खांबाआड बसणाऱ्यांना अर्धा गोल दिसायचा.

उन्हाळ्यात खरेदीही झाली. व्हियारियालचा थिएर्नो बॅरी, चेल्सीचा ड्यूसबरी-हॉल, आणि मँचेस्टर सिटीकडून एका हंगामापुरता जॅक ग्रीलिश. ग्रीलिशने अठरा क्रमांकाचा शर्ट घेतला, जो कधीकाळी रूनीच्या पाठीवर होता. इथे मी विरघळतो हे कबूल. सिटीवाली पोरं म्हणतात, आमचं उतरलेलं कापड तुम्ही घातलं. घातलं तर घातलं.

आणि तरीही. सोमवारी मध्यरात्रीनंतर साडेबाराला लीड्सविरुद्ध पहिला सामना होता. लीड्स म्हणजे नुकतेच वर चढून आलेले. पहाटे दोनच्या सुमारास टारकोव्स्कीच्या हाताला चेंडू लागला, पेनल्टी, ०-१, संपलं. सकाळी जिनिंगवर गेलो तर तिथे वेगळंच सुतक. केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क ३० सप्टेंबरपर्यंत माफ केलं होतं. आपला माल बाजारात यायच्या तोंडावर बाहेरच्या मालाला दार उघडं. कुणी मला विचारलं, "काय भो, तुनी टीम हारनी का?" तेव्हा उत्तर द्यायचीही गरज नव्हती, सगळ्यांचीच हारली होती.

मागच्या वर्षीची पहिली लढत याच ब्रायटनशी होती, तीही गुडिसनवर, ०-३. त्यानंतर बोर्नमथविरुद्ध सत्त्याऐंशीव्या मिनिटापर्यंत २-० पुढे असून २-३ हरलो होतो. त्यामुळे आता ग्रीलिश आला, मैदान आलं, मालक आला, म्हणून युरोपातल्या स्पर्धांत जायच्या गप्पा मारणाऱ्यांना माझा रामराम.

काल पोळा झाला. खापरावरच्या पुरणपोळ्या खाऊन आप्पा ओट्यावर टेकले होते. मी आपणहून सांगितलं, "आप्पा, यंदा दहावा नंबर येईन आमचा."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "हाऊ मुहूर्तना भाव शे का बाजारना?"

मी बारावा म्हटलं.