तेल गाळून गंधक जात नाही

चेंबूर-माहुलकडे एक समज वर्षानुवर्षं ऐकू येतो: वीजकेंद्रात जळणारं फर्नेस ऑइल तापवून नीट गाळलं की त्यातलं गंधक निघून जातं. हे चूक आहे. गाळल्यानं पाणी जातं, गाळ जातो. गंधक मात्र तेलाच्या रेणूंतच कार्बनशी जखडलेलं असतं. ते सोडवायला रिफायनरीत ३०० ते ४०० अंश सेल्सिअसला, प्रचंड दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावर तेलाची हायड्रोजनशी गाठ घालावी लागते. मग गंधक हायड्रोजन सल्फाइड वायू होऊन वेगळं होतं. डिझेलला हे जमतं. फर्नेस ऑइलसारख्या जड तेलातले व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू मात्र उत्प्रेरकच निकामी करतात, त्यामुळे खर्च फार वाढतो.

म्हणून तेल जाळायचंच असेल तर मुळात कमी गंधकाचं घ्यावं (मुंबई हायचं कच्चं तेल तसं आहे), नाहीतर धूर धुवावा. ट्रॉम्बेच्या वीजकेंद्रात समुद्राच्या पाण्यानं धूर धुण्याची यंत्रणा आहे. खाऱ्या पाण्यातला नैसर्गिक अल्कधर्मी गुण सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जळून होणारा वायू, शोषून घेतो.

आणि चिमणीतून काळं काही दिसत नाही म्हणून कृपया निर्धास्त राहू नका. सल्फर डायऑक्साइडला रंगच नसतो. १ टक्का गंधकाचं १ टन तेल जळलं की हा वायू सुमारे २० किलो तयार होतो.