त्याच खुर्चीवर पुन्हा शोर्ड मरिन

२ ऑगस्ट २०२१, सोमवार. सकाळी साडेआठला टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकीच्या मुलींचा ऑस्ट्रेलियाशी उपांत्यपूर्व सामना होता. मी टीव्ही लावला तो केवळ 'हरणार तर आहेतच, बघू किती गोलांनी' या हिशेबाने. बाविसाव्या मिनिटाला भारताला पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि गुरजीत कौरने चेंडू खालून गोलात धाडला. पुढची अडतीस मिनिटं मी गॅसवर ठेवलेला चहा पूर्ण विसरलो. ऑस्ट्रेलियाने सात पेनल्टी कॉर्नर घेतले आणि एकही गोलात गेला नाही. सविता पुनिया गोलमध्ये भिंतीसारखी उभी होती. सामना १-० असा संपला तेव्हा चहाच्या पातेल्याचं बूड काळं झालं होतं. भारतीय महिला संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत गेला होता.

त्या दिवशी मैदानाच्या कडेला डोळे पुसत उभा असलेला डच माणूस म्हणजे शोर्ड मरिन. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला हॉकी इंडियाने, म्हणजे देशाच्या हॉकी संघटनेने, त्यालाच पुन्हा महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून बोलावलं. महिनाभर आधी, डिसेंबरच्या पहिल्याच दिवशी, हरेंद्र सिंग यांनी वैयक्तिक कारण देऊन पद सोडलं होतं. पुढ्यात मार्चमध्ये हैदराबादची विश्वचषक पात्रता स्पर्धा, ऑगस्टमध्ये बेल्जियम आणि नेदरलँड्समधला विश्वचषक, आणि लगोलग सप्टेंबरमध्ये जपानमधले आशियाई खेळ. मोसम एवढा गच्च भरलेला असताना प्रशिक्षक बदलणं म्हणजे लग्नघरात आचारी बदलण्यासारखं आहे. पण आपल्या महिला हॉकीत हे लग्नघर नेहमीचंच.

प्रशिक्षक जाऊन परत येणं हेही नवं नाही. ऑस्ट्रेलियन नील हॉगूडच्या काळात २०१३ मध्ये आपल्या ज्युनियर मुलींनी मोन्शेनग्लाडबाखला विश्वचषकाचं कांस्य जिंकलं आणि २०१४ मध्ये सीनियर संघाने आशियाई कांस्य आणलं. मग तो गेला. त्याच्या जागी मथायस आरेन्स आला, त्याच्या हाताखाली २०१५ मध्ये अँटवर्पच्या पात्रता स्पर्धेत संघ पाचवा आला, आणि त्याच जोरावर छत्तीस वर्षांनी ऑलिंपिकचं दार उघडलं. दार उघडून देणारा मात्र आत जाईपर्यंत टिकला नाही. रिओला संघाबरोबर पुन्हा हॉगूडच होता. ज्या रितू राणीच्या नेतृत्वाखाली पात्रता मिळाली तिलाही ऐन वेळी वगळलं. रिओत पाच सामन्यांत जपानशी २-२ अशी एक बरोबरी, बाकी चार पराभव, बारा संघांत बारावा क्रमांक.

छत्तीस वर्षं म्हणजे १९८० च्या मॉस्कोपासून. महिला हॉकी तिथे ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आली आणि बहिष्कारामुळे सहाच संघ उरले होते. भारत चौथा आला. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई खेळांत सुवर्ण मिळालं, त्या संघाची कर्णधार एलायझा नेल्सन पुण्यात जन्मलेली. हे पुण्यात आज किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. २००२ मध्ये मँचेस्टरला राष्ट्रकुल सुवर्ण आलं, २००४ मध्ये दिल्लीत आशिया चषक, आणि त्यानंतर बराच मोठा दुष्काळ.

मरिन भारतात आला २०१७ च्या फेब्रुवारीत. आणि सहा-सात महिन्यांतच जे घडलं तो आपल्या हॉकी प्रशासनाचा खास नमुना. सप्टेंबरमध्ये पुरुष संघाचे प्रशिक्षक रोलंट ओल्टमन्स यांना काढलं. त्यांच्या जागी आणायला माणूस शोधावा, तर महिला संघाचा मरिन उचलून पुरुषांकडे दिला. महिलांकडे कोण? तर ज्यांनी २०१६ मध्ये लखनौला ज्युनियर पुरुषांना विश्वविजेते केलं होतं ते हरेंद्र सिंग. गंमत म्हणजे दोघांनीही पदार्पणातच चषक आणले. मरिनच्या पुरुषांनी ढाक्यात आशिया चषक जिंकला. हरेंद्रच्या मुलींनी जपानमधल्या काकामिगाहारात चीनला बरोबरीनंतरच्या शूटआऊटमध्ये हरवून तेरा वर्षांनी महिलांचा आशिया चषक परत आणला. पण २०१८ च्या एप्रिलमध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल खेळांत दोन्ही संघ चौथे आले, आणि मे महिन्यात हॉकी इंडियाने खुर्च्यांची पुन्हा अदलाबदल केली. मरिन मुलींकडे, हरेंद्र मुलांकडे. संगीतखुर्चीत निदान गाणं तरी वाजतं. हरेंद्रनाही पुरुष संघ फार काळ लाभला नाही, विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ असा पराभव झाला आणि जानेवारी २०१९ मध्ये तेही गेले.

मरिनला मात्र या वेळी एक गोष्ट मिळाली, जी त्याच्या आधी फार कमी जणांना मिळाली होती. सलग वेळ. मे २०१८ ते ऑगस्ट २०२१, सव्वातीन वर्षं. जकार्ताला आशियाई रौप्य, लंडनच्या विश्वचषकात आयर्लंडकडून शूटआऊटमध्ये पराभव, पण माणूस तोच राहिला. टोकियोची गोष्ट सांगताना सगळे मरिनचं नाव घेतात आणि दोन माणसांना विसरतात. एक दक्षिण आफ्रिकेचा वेन लोम्बार्ड, ज्याने मुलींचा दम, धावणं, आहार, झोप या सगळ्याचं गणित बसवलं. पूर्वी आपला संघ चौथ्या क्वार्टरमध्ये पाय ओढायला लागायचा. टोकियोत तो शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होता. दुसरी यानेके शॉपमन. २००८ च्या बीजिंगमध्ये नेदरलँड्सकडून खेळून ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेली, नंतर अमेरिकेच्या महिला संघाची प्रशिक्षक राहिलेली. २०२० च्या सुरुवातीला ती मरिनच्या हाताखाली विश्लेषक प्रशिक्षक म्हणून आली. प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ कापून, कोण कुठल्या पायावर चेंडू घेते, कोणाच्या कॉर्नरवर कोण आधी धावतं, हे मुलींसमोर ठेवायचं, असं तिचं काम.

मरिनच्या त्या काळातला एक प्रसंग मला टोकियोइतकाच महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०१९, भुवनेश्वरचं कलिंग मैदान, अमेरिकेविरुद्ध दोन सामन्यांची ऑलिंपिक पात्रता. पहिला सामना भारताने ५-१ ने जिंकला, सगळे निर्धास्त. दुसऱ्या दिवशी मध्यंतरालाच अमेरिका ४-० ने पुढे. एकूण गोल पाच-पाच. जुना भारतीय संघ असता तर तिथे विस्कटला असता. मुली परत आल्या त्या शांत डोक्याने, तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये पाचवा गोल होऊ दिला नाही, आणि अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला राणी रामपालने एक मारला. ६-५. टोकियोत पहिले तिन्ही सामने हरूनही (नेदरलँड्सकडून १-५, जर्मनीकडून ०-२, ब्रिटनकडून १-४) हाच संघ उभा राहिला, आयर्लंडला १-० आणि दक्षिण आफ्रिकेला ४-३ ने हरवून पुढे गेला. त्यातली दक्षिण आफ्रिकेविरुद्धची वंदना कटारियाची हॅटट्रिक म्हणजे ऑलिंपिकमध्ये भारतीय महिलेची पहिली. शेवटी अर्जेंटिनाकडून १-२, कांस्याच्या सामन्यात ब्रिटनकडून ३-४. चौथा क्रमांक. आणि त्याच दिवशी मरिनने निरोप घेतला. घरापासून, मुलांपासून फार दिवस लांब राहिल्यामुळे.

पुढची जबाबदारी शॉपमनवर आली. तिचा काळ वाईट होता असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०२२ च्या विश्वचषकात संघ नववा आला हे खरं, पण बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल कांस्य मिळालं, व्हॅलेन्सियात नेशन्स कप जिंकून संघ जगातल्या वरच्या संघांच्या प्रो लीगमध्ये गेला, हांगझोऊत आशियाई कांस्य आलं, रांचीत आशियाई चॅम्पियन्स करंडक. पण आपल्याकडे प्रशिक्षकाची परीक्षा एकाच पेपरवर होते. जानेवारी २०२४ मध्ये रांचीतच पॅरिसची पात्रता स्पर्धा झाली. उपांत्य सामन्यात जर्मनीशी २-२, शूटआऊटमध्ये ३-४. तिसऱ्या जागेसाठी जपानकडून ०-१. पॅरिस हुकलं. फेब्रुवारीत शॉपमनने राजीनामा दिला, आणि जाताना भारतात एका बाईला हे काम करणं किती अवघड जातं, पुरुष संघाच्या प्रशिक्षकांना आणि आपल्याला मिळणाऱ्या वागणुकीत किती फरक होता, हे उघडपणे बोलून गेली. त्यावर चार दिवस चर्चा झाली. मग विषय मिटला, म्हणजे मिटवला गेला.

एप्रिल २०२४ मध्ये हरेंद्र परत आले. महिला संघाकडे त्यांची ही दुसरी खेप. तेव्हाच सविताऐवजी सलीमा टेटेकडे कर्णधारपद गेलं. सलीमा झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यातली, टोकियोत जेमतेम एकोणीस वर्षांची होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजगीरला आशियाई चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात चीनला १-० ने हरवलं. गोल दीपिकाचा, आणि स्पर्धेत तिचे एकूण अकरा. वाटलं, गाडी रुळावर आली. पण ऑलिंपिक रौप्यविजेता चीन आशियाई मैदानावर एक आणि युरोपातल्या प्रो लीगमध्ये वेगळाच. जून २०२५ मध्ये भारत प्रो लीगच्या तळाला राहिला आणि खालच्या गटात ढकलला गेला. सप्टेंबरमध्ये हांगझोऊच्या आशिया चषकात संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला, तिथे चीनने ४-१ ने हरवलं. आशिया चषकाच्या विजेत्याला विश्वचषकाचं थेट तिकीट होतं. ते चीनला गेलं आणि आपल्या वाट्याला हैदराबादची पात्रता स्पर्धा आली. म्हणजे या मोसमाचा सगळा ताण त्या एका सामन्यातून आलेला आहे.

त्या आशिया चषकात दीपिका दुखापतीमुळे नव्हती, सविताही नव्हती. दीपिका नसली की काय होतं हे समजून घ्यायला पेनल्टी कॉर्नर बघावा लागतो. गोलच्या बाजूला, मैदानाच्या शेवटच्या रेषेवरून एक जण चेंडू ढकलते, वर्तुळाच्या माथ्यावर दुसरी तो थांबवते, तिसरी वाकून, काठीच्या दांड्याला चेंडू चिकटवून, पूर्ण अंगाच्या झोक्याने तो ओढून फेकते. हीच ड्रॅगफ्लिक. सगळं मिळून दीड-दोन सेकंदांचं काम. समोरून गोलकीपरखेरीज चार जणी मुखवटे घालून गोलरेषेवरून निघालेल्या असतात. यात एकीचा हात जरा उशिरा आला तर संधी गेली. जर्मनी, नेदरलँड्सकडे अशा दोन-दोन, तीन-तीन फ्लिकर असतात. आपल्याकडे गुरजीत होती तेव्हा गुरजीत, आता दीपिका. एक आजारी पडली की कॉर्नर मिळूनही संघ हात चोळत बसतो. मरिनने येताच आणखी दोन फ्लिकर तयार करायला घेतल्या तर मी त्याला निम्मे गुण आधीच देऊन टाकीन.

या वेळच्या नेमणुकीतली आशेची जागा, माझ्या मते, मरिनच्या नावात कमी आणि त्याच्याबरोबर येणाऱ्या माणसांत जास्त आहे. लोम्बार्ड परत येतोय, शास्त्रीय सल्लागार आणि शारीरिक तयारीचा प्रमुख म्हणून. विश्लेषक प्रशिक्षक म्हणून मतियास विला, अर्जेंटिनाचा जुना मिडफिल्डर, दोन ऑलिंपिक खेळलेला. म्हणजे टोकियोच्या वेळची घडी बऱ्याच अंशी पुन्हा बसवायचा प्रयत्न आहे. एकटा मरिन आणला असता तर मी हा लेख लिहायलाही बसलो नसतो.

मात्र घडी तीच असली तरी कापड बदललंय. राणीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निवृत्ती घेतली, वंदनाने एप्रिल २०२५ मध्ये, भारतीय महिलांत सर्वाधिक ३२० सामने खेळून. गुरजीत संघात नाही. टोकियोच्या मुलींपैकी सलीमा, नवनीत, नेहा, लालरेमसियामी, शर्मिला, उदिता, निक्की प्रधान यांच्याभोवती नवा संघ उभा राहिलाय. गोलमध्ये सविता तंदुरुस्त असेल तर तिचा अनुभव, नाहीतर बिचू देवी. मधल्या फळीत सुनेलिता टोप्पोचं ड्रिबलिंग बघायला मिळावं ही माझी खासगी इच्छा. ती चेंडू घेऊन निघाली की समोरची बचावपटू आधी तिच्या पायांकडे बघते आणि तिथेच फसते.

आणि आपल्यासाठी दोन नावं, वैष्णवी फाळके आणि ऋतुजा पिसाळ. दोघीही सातारा जिल्ह्यातल्या. वैष्णवी मधल्या फळीत, ऋतुजा आघाडीला, हांगझोऊच्या आशिया चषकात दोघीही संघात होत्या. त्यांच्याबरोबरची अक्षता ढेकळेही साताऱ्याचीच आणि भारताकडून खेळलेली. कुस्ती आणि कबड्डीच्या मुलखातून एकाच वेळी तीन हॉकीपटू देशाच्या संघापर्यंत पोचाव्यात, याची बातमी आपल्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर चार ओळींत येते. क्रिकेटचा सराव सामनाही त्यापेक्षा जास्त जागा घेतो, असो.

संघ निवडीबद्दल आत्ताच ठाम बोलण्यात अर्थ नाही. रांचीत डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत महिलांची हॉकी इंडिया लीग झाली. तिथे कोणाचे पाय चालले, कोण थकली, हे नव्या प्रशिक्षकांसमोर ताजं आहे. जुनं नातं फक्त टोकियोच्या मुलींशी. वैष्णवी, ऋतुजा, सुनेलिता, दीपिका यांना मरिनच्या टोकियोतल्या संघात जागा नव्हती. त्यांच्यासाठी मुख्य प्रशिक्षक नवाच आहे.

एक अडचण मात्र उघड दिसते. बंगळुरूच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातलं शिबिर जानेवारीच्या एकोणिसाव्या तारखेपासून, हैदराबादची स्पर्धा ८ मार्चपासून. मधे सात आठवडे. मागच्या खेपेला या माणसाकडे सव्वातीन वर्षं होती.