गोगलगायीच्या शंखाचा रंग: निवड की योगायोग?

पाऊस लागला की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत शंखी गोगलगायी भिंती चढू लागतात. परवा शेजारची आठवीतली मुलगी म्हणाली, "काकू, या भिंतीवरच्या गडद आणि पार्किंगजवळच्या फिकट. जागेला शोभेल असा रंग आला ना?" आपण सगळेच पटकन असं म्हणतो. पण जागेगणिक रंग बदलतो तो बहुधा नैसर्गिक निवडीने, म्हणजे जगायला सोयीचा रंग टिकून, किंवा जनुकीय विचलनाने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, आणि वरवर पाहता दोन्ही सारखीच दिसतात.

या प्रश्नावर सर्वांत जास्त घाम गाळला गेला तो युरोपातल्या सेपिया नेमोरॅलिस या गोगलगायीवर. तिचा शंख पिवळा, गुलाबी किंवा तपकिरी. त्यावर पट्टा एकही नाही, नाहीतर पाचपर्यंत. रंगाची आणि पट्ट्यांची मुख्य जनुकं एकमेकांना इतकी खेटून असतात की एकाच गाठोड्यासारखी पुढच्या पिढीत जातात. ही नक्षी म्हणजे निव्वळ योगायोग, असं पूर्वी बरेच जण मानत.

मग १९५० च्या सुमारास केन आणि शेपर्ड हे शास्त्रज्ञ इंग्लंडच्या जंगलांत उतरले. तिथला साँग थ्रश पक्षी, म्हणजे आपल्या कस्तुराचा भाऊबंद, शंख दगडावर आपटून फोडतो आणि तुकडे तिथेच टाकून जातो. ते तुकडे वेचून आसपासच्या जिवंत गोगलगायींशी ताडून पाहिले. एप्रिलमध्ये जमीन पाचोळ्याने तपकिरी असते, तेव्हा पिवळे शंख जास्त फुटत. मेपर्यंत हिरवळ वाढली की फुटलेल्यांतलं पिवळ्यांचं प्रमाण उतरे. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो. ही झाली निवड: कोण वाचलं, याला कारण आहे.

विचलनाला तसं कारण नसतं. संक्रांतीच्या रंगीत हलव्यातले चार दाणे उचलले तर चारही गुलाबी निघू शकतात. नव्या जागी मोजक्याच गोगलगायी पोचल्या, तर पुढच्या सगळ्या वंशावर त्यांचाच रंग चढतो. आपली शंखी गोगलगायही अशीच नव्या जागी आलेली, मूळची आफ्रिकेची. १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणून सोडलेली.

ओळखायचं कसं? निवड असेल तर गोष्ट पुन्हा पुन्हा घडते: दूरदूरच्या झाडीत गडद शंख, दूरदूरच्या गवतात पिवळे पट्टेदार. शिवाय निवडीचा ठसा ठरावीक जनुकांवर उमटतो, विचलनाचा सगळ्यांवर. पण १९६३ मध्ये केन आणि करी यांना इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या टेकड्यांवर झाडी असो की गवत, मोठ्या भूभागात शंखाचं एकच रूप आढळलं. ते मोजक्या पूर्वजांमुळे की स्थानिक हवामानाच्या निवडीमुळे, यावर पुढे बराच वाद रंगला.

मुलीला म्हटलं, दोन भिंतींवरून काहीच ठरत नाही. आता तिच्या वहीत अकरा भिंती आहेत. प्रत्येकीपुढे ऊन, सावली आणि शंखांची मोजणी.