नवी मुंबईतील विकेंद्रीकरण

नवी मुंबईत शहर आधी वसले आणि त्याची स्वराज्य संस्था नंतर आली. राज्य शासनाने १९७० मध्ये सिडको हे शहरे वसवणारे सरकारी महामंडळ स्थापन केले, ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यातील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरवली आणि वाशी, नेरूळ, बेलापूर असे नोड, म्हणजे नियोजित उपनगरे, उभे राहिले. महानगरपालिका अस्तित्वात आली ती १ जानेवारी १९९२ रोजी. पहिली निवडणूक १९९५ मध्ये. तोवर भूखंड, रस्ते, बाजार सगळे आखून झालेले होते.

शहरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीत पालिकांकडे देता येतील असे १८ विषय असून पहिलाच नगरनियोजनाचा आहे. मात्र ते पालिकांकडे सोपवायचे की नाही, हे घटनेने राज्य विधिमंडळावर सोडले. विकसित नोडचे नियोजन प्राधिकरण म्हणून पालिकेला १९९४ मध्ये अधिकार मिळाले, जमिनीची मालकी सिडकोकडेच राहिली. खरी अडचण इथे आहे. वाशीत घर विकणाऱ्याकडे पालिकेच्या मालमत्ता कराची पावती असते. पण भूखंड भाडेपट्ट्याचा असल्याने वर्षानुवर्षे व्यवहारासाठी सिडकोचा ना हरकत दाखला आणि हस्तांतरण शुल्क लागत आले. रिकाम्या भूखंडांचेही तसेच. पालिकेने २०२२ मध्ये प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला तेव्हा जे भूखंड तिला सार्वजनिक सुविधांसाठी राखायचे होते, त्यांतले काही सिडकोला विकायचे होते. महापे-तुर्भे पट्ट्यातल्या औद्योगिक क्षेत्रात तर नियोजन एमआयडीसीचे, म्हणजे राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाचे.

पैसा आणि पाणी हाती असले की पालिका काय करू शकते, हेही याच शहरात दिसते. खालापूर तालुक्यातले, म्हणजे स्वतःच्या हद्दीबाहेरचे मोरबे धरण तिने महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतले. त्याची पाणीपुरवठ्याची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटर आहे. राज्यात स्वतःचे धरण असलेल्या पालिका मोजक्याच. शेजारच्या पनवेल महापालिकेला (स्थापना २०१६) खारघर, कामोठे, कळंबोलीसारख्या सिडकोच्या वसाहती मिळाल्या, मोरबेएवढे मोठे धरण मिळाले नाही, आणि तिथल्या रहिवाशांना सिडकोचे सेवाशुल्क व पालिकेचा कर अशा दुहेरी आकारणीविरुद्ध भांडावे लागले. नवी मुंबई पालिकेने जकातीऐवजी उपकर लावला होता. तो पुढे स्थानिक संस्था करात गेला, तो करही संपला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून मालमत्ता कराच्या जोडीला मोठा आधार राज्याकडून येणाऱ्या भरपाईचा आहे.

निर्णय कोण घेतो, हा प्रश्न उरतोच. कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि आयुक्त नेमते राज्य शासन. महापौरपद मानाचे, अधिकाराचे कमी. मे २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. वर सांगितलेला विकास आराखडा, म्हणजे शहराचा पुढच्या दोन दशकांचा नकाशा, नगरसेवक नसतानाच प्रसिद्ध झाला.

ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभे आहे, त्या आगरी-कोळी गावांचे प्रश्न पालिकेच्या हातात फारसे नाहीत. संपादित जमिनीच्या बदल्यात तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या ‘साडेबारा टक्के’ योजनेचे भूखंड सिडको देते. ही योजना जानेवारी १९८४ च्या आंदोलनानंतर, पाच जणांचे बळी गेल्यावर पदरात पडली. गावठाणाबाहेर कुटुंब वाढत गेले तशी बांधलेली, ‘गरजेपोटी’ म्हणून ओळखली जाणारी घरे नियमित करण्याचा विषय मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांवर अवलंबून आहे. त्याच घरांना नळजोडणी देणे आणि त्यांच्या दारातला कचरा उचलणे हे पालिकेचे काम.