मोटार-हानिनिर्धारण व ‘टोटल लॉस’ (मराठवाडा)

अपघातात सापडलेल्या मोटारगाडीचे नुकसान किती, त्यातले विमा कंपनीने किती भरून द्यायचे आणि गाडी दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे ठरवण्याची पद्धत. हे काम करणाऱ्या परवानाधारकाला कायदा ‘सर्व्हेअर व हानिनिर्धारक’ म्हणतो; लोक नुसते ‘सर्व्हेअर’ म्हणतात. दुरुस्तीचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. गॅरेजात त्याला ‘गाडी टोटलमध्ये गेली’ असे म्हणतात. मराठवाड्यातील वाचकाला मर्यादेची ही कल्पना नवी नाही. पिकांची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली उतरली की गाव टंचाईग्रस्त ठरते. एक्कावन्न पैसे आली तर शेत तेवढेच वाळलेले असले तरी ठरत नाही. मोटारीच्या बाबतीत ही रेघ ७५ टक्क्यांवर आहे आणि या विषयातले बहुतेक वाद त्या रेघेभोवतीच होतात.

संज्ञा व उगम : ‘सर्व्हेअर’ आणि ‘टोटल लॉस’ हे दोन्ही शब्द सागरी विम्यातून आले. बुडालेले जहाज ही प्रत्यक्ष संपूर्ण हानी. खडकावर अडकलेले, पण सोडवून दुरुस्त करायला किमतीहून अधिक खर्च लागेल असे जहाज ही आन्वयिक संपूर्ण हानी. इंग्लंडच्या १९०६ च्या सागरी विमा अधिनियमातील कलम ६० मध्ये हा भेद बांधून दिलेला आहे. भारताच्या १९६३ च्या सागरी विमा अधिनियमातही तो कलम ६० मध्येच येतो. मात्र या दोन्ही कायद्यांत ७५ टक्के हा आकडा कोठेही नाही. तेथील कसोटी पूर्ण किमतीची आहे : दुरुस्तीचा खर्च दुरुस्त जहाजाच्या किमतीपेक्षा जास्त झाला पाहिजे.

मग मोटारीच्या पॉलिसीत तीन-चतुर्थांशाची रेघ कोठून आली? याचा विचार दोन अंगांनी करता येतो. फ्रान्सच्या १८०७ च्या व्यापारी संहितेत मालाची हानी किमान तीन-चतुर्थांश झाली तर तो विमेकऱ्याच्या हवाली करण्याची मुभा होती. अमेरिकी सागरी व्यवहारात हीच मर्यादा निम्म्यावर होती. तेव्हा किमतीचा ठरावीक हिस्सा हीच कसोटी मानण्याची परंपरा जुनी आहे आणि फ्रेंच आकडा आपल्या आकड्याशी जुळतो. परंतु भारतीय विमाव्यवहार इंग्रजी वळणावर वाढला. त्यामुळे फ्रेंच संहितेशी थेट नाते जोडण्यापेक्षा आकड्यामागे साधा हिशेब असावा, हे अधिक संभवनीय वाटते. चेपलेल्या गाडीलाही इंजिन, गिअरबॉक्स, चाके आणि पत्रा यांपोटी काही किंमत येतेच. ती विमा रकमेच्या चौथाईच्या आसपास धरली, तर तीन-चतुर्थांशापुढे दुरुस्ती करण्यापेक्षा रक्कम देऊन सांगाडा विकणे कंपनीला स्वस्त पडते.

१ जुलै २००२ पासून लागू झालेल्या अखिल भारतीय मोटार दरपत्रकाने ‘विमाधारकाने घोषित केलेले मूल्य’ ही संकल्पना रूढ केली. एजंट आणि ग्राहक दोघेही तिला ‘आयडीव्ही’ म्हणतात. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या छापील विक्री किमतीतून घसारा (वयानुसार घटलेली किंमत) वजा करून ती काढतात : सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. पाच वर्षांपुढील गाडीचे मूल्य उभयपक्षी संमतीने ठरते. १ जानेवारी २००७ रोजी विमा हप्त्याचे दर खुले झाले, तरी पॉलिसीची कलमे मुख्यतः याच दरपत्रकाच्या साच्यातील राहिली.

प्रादेशिक पार्श्वभूमी : निजामी राज्यात १९३२ मध्ये राज्य रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने बससेवा सुरू केली, खाजगी मोटार मात्र दीर्घकाळ मूठभर घरांपुरती होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सर्वसाधारण विमा चार सरकारी कंपन्यांकडे गेला. त्याआधीच १९६८ च्या दुरुस्तीने विमा अधिनियमात आलेले कलम ६४ यूएम, म्हणजे परवानाधारक सर्व्हेअरकडून तपासणीची सक्ती, हा या व्यवसायाचा कायदेशीर पाया ठरला. विमा नियामकाच्या २०१५ च्या विनियमांनुसार मोटारीच्या बाबतीत ५० हजार रुपये व त्यापुढील दाव्यांना असा सर्व्हेअर लागतो. त्याखालचे दावे कंपनीचे कर्मचारीही तपासू शकतात.

नुकसानीचे प्रकार : ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाळप सुरू झाले की बीड, लातूर, धाराशिव, परभणी या पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही आणि ऊस बाहेर लोंबलेला. रात्री मागून येणारी मोटार ट्रॉलीखाली घुसते तेव्हा बंपर आणि चेसिसचे पुढचे लेग (पुढे आलेले लोखंडी दांडे) बऱ्याच अंशी शाबूत राहतात. बॉनेट, काच, पुढचे पिलर आणि छप्पर मात्र चेपते. आघात सेन्सरच्या पातळीवर न झाल्याने काही वेळा एअरबॅगही उघडत नाहीत. नेमक्या अशाच गाड्या ‘समोरून तर बरी दिसते’ म्हणता म्हणता टोटलमध्ये जातात, कारण छप्पर आणि पिलर कापून नवे जोडणे हे सगळ्यांत महागाचे आणि सगळ्यांत जोखमीचे काम. अशा गाडीला परत रस्त्यावर आणण्याचा आग्रह मालकाने धरू नये, असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली की धक्का तिच्या पायांना बसतो आणि धड बॉनेटवरून काचेवर येते. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर वेग अधिक, म्हणून टायर फुटून दुभाजकाला घासत गेलेल्या गाडीत एका बाजूचे सर्व दरवाजे, खालची पट्टी आणि दोन्ही सस्पेन्शन एकदम जातात. कन्नडचा औट्रम घाट आणि मांजरसुंब्याचा घाट येथे ट्रकच्या मागे ठोकरी बसतात.

साइडपट्टीवरून काळ्या रानात उतरलेल्या गाडीचे प्रकरण वेगळे. वरून ओरखडाही नसतो, पण दगडाने इंजिनाखालचा तेलाचा चेंबर फुटलेला असतो. तेल गळालेल्या अवस्थेत गाडी ‘गावापर्यंत तर नेऊ’ म्हणून चालवली की इंजिन जाम होते. चेंबरचे पैसे मिळतात, इंजिनाचे बहुधा नाकारले जातात, कारण ते अपघाताचे नव्हे तर नंतर चालवल्याचे नुकसान ठरते. पुराच्या पाण्यातून काढलेल्या गाडीला सेल्फ मारण्याचेही तसेच आहे : सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मांजरा, सिना आणि गोदावरीकाठची गावे पाण्याखाली होती, तेव्हा हा नियम ठाऊक नसणे अनेकांना भारी पडू शकणारे होते. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड (मूळ पॉलिसीला जोडलेले पूरक संरक्षण) घेतलेली नसेल, तर पाण्यातून काढलेल्या गाडीची चावी फिरवू नये, बॅटरीची तार काढावी आणि ती ओढूनच न्यावी.

तपासणी : मोठ्या अपघातात गाडी हलवण्यापूर्वी जागेवरच पाहणी होते, तिला ‘स्पॉट’ म्हणतात. मालवाहू गाड्यांत ती नेमाने, खाजगी मोटारीत गरजेप्रमाणे. पोलिसांचा पंचनामा आणि परिवहन खात्याच्या निरीक्षकाची यांत्रिक तपासणी या स्वतंत्र गोष्टी आहेत. त्या दोष व कारण शोधतात. सर्व्हेअर नुकसानीचे मोल शोधतो. गॅरेजच्या एस्टिमेटवरून अंतिम सर्व्हे होतो, गाडी खोलल्यावर आतले नुकसान दिसले तर पुरवणी एस्टिमेट येते आणि दुरुस्तीनंतर पुन्हा पाहणी होऊ शकते.

जाणता सर्व्हेअर गाडीपाशी प्रथम कागद काढत नाही. तो चेसिस नंबरावरचा चिखल चिंधीने पुसतो, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतो आणि उठलेला छाप आरसी पुस्तकाशी ताडून पाहतो. मग बॉनेट व मडगार्डमधील फटीवरून बोट फिरवतो : एका टोकाला करंगळी शिरते आणि दुसऱ्या टोकाला नखही शिरत नाही, तर आतला एप्रन (चाकावरचा आतला पत्रा) सरकलेला आहे. बॉनेट उघडून डाव्या शॉकअपच्या माथ्यापासून उजव्या लेगच्या टोकापर्यंत आणि उलट अशी तिरपी मापे टेपने घेतो. दोन मापांत फरक आला की प्रकरण डेंटिंगचे राहत नाही, चेसिस ओढण्याचे होते. गंजलेली मोड आणि चकचकीत मोड यांतला फरकही तो पाहतो. जुना मार नव्या दाव्यात घातला जाऊ नये म्हणून.

घसारा व ‘७५ टक्क्यां’चा अर्थ : दुरुस्तीच्या दाव्यात भागांवर घसारा कापतात. रबर, नायलॉन, प्लास्टिक, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबर ग्लासवर ३०, काचेवर शून्य. धातूच्या भागांवर गाडीच्या वयानुसार शून्यापासून ५० टक्क्यांपर्यंत, म्हणजे चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के. रंगकामाच्या एकत्रित बिलात साहित्याचा हिस्सा २५ टक्के धरून त्यावर ५० टक्के कापतात. ‘झिरो डेप’ जोड असेल तर हा घसारा माफ होतो. संपूर्ण हानीत मात्र भागांचा घसारा नसतो. ‘आयडीव्ही’तून मालकाने स्वतः सोसायची सक्तीची वजावट (१५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १००० रुपये, त्यापुढे २०००) तेवढी जाते.

पॉलिसीचे शब्द असे आहेत : गाडी परत मिळवण्याचा किंवा दुरुस्तीचा एकूण खर्च, ‘पॉलिसीच्या अटी व शर्तींच्या अधीन’, घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाला तर ती आन्वयिक संपूर्ण हानी. हा खर्च घसारा कापण्यापूर्वीचा धरायचा की कापल्यानंतरचा? समजा, चार वर्षे दोन महिन्यांची गाडी आहे, घोषित मूल्य ५,००,००० रुपये, ‘झिरो डेप’ जोड घेतलेली नाही. मान्य एस्टिमेट ४,१०,००० रुपये : धातूचे भाग १,६०,०००, प्लास्टिक व एअरबॅग १,३०,०००, काच २०,०००, मजुरी ७०,०००, रंग ३०,०००. एकूण खर्च मूल्याच्या ८२ टक्के होतो. घसारा अनुक्रमे ५६,०००, ६५,००० आणि ३,७५० रुपये कापला की उरतात २,८५,२५०, म्हणजे ५७ टक्के. पहिल्या वाचनात गाडी टोटल आणि मालकाला ४,९९,००० रुपये. दुसऱ्या वाचनात दुरुस्ती, कंपनीकडून २,८४,२५० आणि मालकाच्या खिशातून १,२५,७५० रुपये.

दुसऱ्या वाचनाचे समर्थक ‘अटी व शर्तींच्या अधीन’ या शब्दांवर बोट ठेवतात : घसारा ही अटच आहे, म्हणून कंपनीचे देणे हाच खर्च. या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु वाक्यातला मूळ शब्द ‘दुरुस्तीचा खर्च’ आहे, ‘कंपनीचे देणे’ नव्हे, आणि घसाऱ्यामुळे गॅरेजचे बिल कमी होत नाही. अटींचा रोख कोणता भाग, कोणते काम दाव्यात धरायचे याकडे आहे, असे वाचणे अधिक सरळ वाटते. शब्द संदिग्ध असेल तर तो लिहिणाऱ्याच्या विरुद्ध वाचावा, हे विमा करारांचे जुने तत्त्वही त्याच बाजूला झुकते. नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्याने (सर्व गाड्यांना २०२१ अखेरपासून) हा प्रश्न अधिक वेळा उभा राहतो. लहान गाडीत एअरबॅग, त्यांचे नियंत्रक आणि डॅशबोर्ड यांनीच एस्टिमेट फुगते आणि घसाराही याच भागांवर सर्वाधिक.

निवाडा : दावा दुरुस्तीवर, संपूर्ण हानीवर किंवा ‘सॅल्व्हेज वजा’ पद्धतीने मिटतो. शेवटच्या प्रकारात सांगाड्याला आलेली बोली वजा करून रक्कम मिळते आणि गाडी मालकाकडेच राहते. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा पुरावा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्पष्ट केले आहे. अहवालाची प्रत मागून घ्यावी, त्यातील भागवार तक्ता गॅरेजच्या एस्टिमेटशी ओळीने ओळ ताडून पाहावा आणि मान्य नसेल तर पूर्ण समाधानाच्या पावतीवर सही करू नये. मराठवाड्यासाठी विमा लोकपालाचे कार्यालय पुण्यात आहे. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो.

सांगाडा व नोंदणी : गाडी कायमची निकामी झाली, तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवून आरसी जमा करायची असते. बोली लावून सांगाडा नेणारा व्यापारी अनेकदा आरसी आणि कोऱ्या हस्तांतरण फॉर्मवर सह्या मागतो. येथे फार जपायला हवे. टोटल झालेल्या गाडीचा चेसिस नंबराचा पत्रा कापून चोरीच्या तशाच गाडीला जोडतात आणि जुन्या कागदांवर ती फिरवतात. तिचा अपघात झाला किंवा ती गुन्ह्यात सापडली, तर पोलीस प्रथम नोंदणीतील नावाकडेच येतात. नोंदणी रद्द होणार असेल तर रद्द झाल्याचा दाखला आणि सांगाडा जसा आहे तसा वापरात जाणार असेल तर नाव बदलल्याची नोंद, यांपैकी एक हाती असल्याशिवाय आरसी सोडू नये. त्यासाठीचे कार्यालय गाडीच्या पाटीवरूनच कळते : एमएच २० छत्रपती संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड आणि ३८ हिंगोली.