रोपं खुरटली, पण खत कमी नव्हतं

पाचोडकडं आमच्या मामांची मोसंबीची छोटी नर्सरी आहे. मागं एकदा रोपांत मर लई झाली म्हणून त्यांनी गादीवाफ्यांची माती फॉर्मेलिन या जंतुनाशकानं भिजवली, वर प्लास्टिक झाकलं, वास गेल्यावर जंबेरी अन् रंगपूर लाईमचं बी टाकलं. उगवण एक नंबर झाली, मर नाही काही नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी रोपं जागेवरच थांबली. गंमत म्हणजे मधेच एखादा गोल ठिपका असा की तिथली रोपं तरारलेली. मामांनी डीएपी, म्हणजे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत ओतलं. रोपं थोडी हलली, पण नवीन पानं बारीक आणि शिरांच्या मधे पिवळी.

आता मोसंबी वरून मोसंबी असली तरी खालचं मूळ जंबेरीचं नाहीतर रंगपूरचं असतं, म्हणजे जमिनीतून जे काही खायचं ते हा खुंट खाणार. आणि या लिंबू खानदानाच्या मुळांवरची लव फार तोकडी असते. त्यात स्फुरद मातीत जवळपास हलतच नाही, आपल्या चुनखडीच्या जमिनीत तर कॅल्शियमला चिकटून बसतं. मूळ आपल्या भोवतीचं मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधलं खाऊन घेतं, मग पुढं ताट रिकामं.

इथं मायकोरायझा नावाची बुरशी कामाला येते. ती मुळाच्या आत घर करते आणि केसाहून बारीक धागे मातीत काही सेंटिमीटर लांबपर्यंत सोडते, तिथून स्फुरद, झिंक, कॉपर ओढून आणते, बदल्यात झाडाकडून साखर घेते. म्हणजे मजूर ठेवल्यासारखंच, फक्त पगार साखरेत! मामांच्या फॉर्मेलिननं रोगाच्या बुरशीबरोबर हा मजूर पण मेला. गोल ठिपक्यात बहुतेक थोडा वाचला असणार.

हे कोडं जुनं आहे. आपल्याकडं ७२ चा दुष्काळ चालू होता त्याच वर्षी अमेरिकेत क्लाइनश्मिट आणि गर्डेमन या दोघांनी दाखवून दिलं की जंतुनाशक औषधाची धुरी दिलेल्या मातीत लिंबूवर्गीय रोपं खुरटतात ती विषानं नाही, तर ही बुरशी नसल्यानं. तोवर लोक औषधाचा अंश मातीत राहतो म्हणूनच बोटं मोडत होते.

आणि डीएपीचं काय, तर स्फुरद आयतं भरपूर मिळालं की झाड या बुरशीला फारसं विचारत नाही, मग झिंक आणणारं कोणी उरत नाही. बारीक पिवळी पानं त्याचीच.

कुणी म्हणेल जुन्या बागेतली माती आणून टाकू. नको, तिच्याबरोबर डिंक्या रोग अन् मुळं खाणारे सूत्रकृमी फुकटात येतात. मायकोरायझाला जिवंत मूळ लागतं म्हणून तो ज्वारी-मक्याच्या मुळांवर वाढवतात, तसला आणून मामांनी पुढच्या वाफ्यांत बियाखाली टाकला. आधीच्या खेपेची रोपं मात्र पेन्सिलीएवढी जाड व्हायला वर्ष उलटून गेलं अन् डोळा भरायचा, म्हणजे खुंटावर मोसंबीचं कलम बांधायचा हंगाम हातचा गेला.